चार नंबरचे काका

“आजोबा, हा चौकोन दिसतोय ना, त्यावर मोबाइल धरा. मेनू आपोआप येतो,” मास्तर सकाळपासून पंधराव्यांदा म्हणाले आणि नियमाप्रमाणे दोन पावलं मागे सरकले.

दारालगतच्या टेबलाशी बसलेल्या हडकुळ्या म्हाताऱ्याने मोबाइल काढला, उलटसुलट करून पाहिला आणि परत खाली ठेवला.

“जुनी माणसं दिसत नाहीत इथली,” मास्कआडून तो खरखरत म्हणाला.

“बदललं सगळं आता,” मास्तर म्हणाले. हे वाक्यही रोजचंच होतं. मास्कमुळे त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली होती, चेहऱ्यावर प्लास्टिकचा पडदा, हातात मोजे. आतून हाक आली, तसे ते वळले.

मास्तर म्हणजे या हॉटेलातले सर्वांत जुने वेटर. सातवीत दोनदा गटांगळ्या खाल्लेल्या माणसाला हे नाव पडलं ते पाठांतरामुळे. आठ जणांची ऑर्डर कागदाला पेन न लावता घ्यायची आणि स्वयंपाकघरात धडाधडा म्हणून दाखवायची, ही त्यांची ऐट. नेहमीच्या गिऱ्हाइकाला तर ते विचारतही नसत. दारात चेहरा दिसला की आत निरोप गेलाच.

चार नंबरचे काका त्यातलेच. चांगले जाडजूड, गुळगुळीत दाढी केलेले. अठरा वर्षं रोज दुपारी एक वाजता खिडकीजवळच्या चार नंबरवर येऊन बसायचे. मिरपूड न घातलेलं सूप आणि कडा कापलेला टोस्ट. सूप समोर आलं की विचारायचे, “घरी बरं?” मास्तर म्हणायचे, “अगदी.” एवढ्या दोन वाक्यांवर अठरा वर्षं निघाली. टाळेबंदीत हॉटेल बंद व्हायच्या आदल्या दिवशी काका सूप अर्धं टाकून खोकत खोकत गेले होते.

नंतरचे सात महिने मास्तर घरी बसून होते. स्वतःची नोकरी राहील की जाईल याचा घोर होताच, पण जेवताना मध्येच घास हातात धरून ते म्हणायचे, “चार नंबरचे काका असतील का गं?”

“फोन करून विचारा की,” बायको म्हणायची.

“नंबर नाही माझ्याकडे.”

“बरं, राहतात कुठे? नाव काय?”

काकांना सुपात मिरपूड चालत नाही हे मास्तरांना ठाऊक होतं; नाव विचारायची कधी वेळच आली नव्हती.

“धन्य आहे तुमची,” बायको म्हणायची. “नाव नाही, गाव नाही आणि जीव मात्र टांगणीला.”

हॉटेल उघडलं तेव्हा निम्मी टेबलं माळ्यावर गेली होती. चार नंबरही गेलं. तरी गेले आठ दिवस एक वाजला की मास्तरांची नजर दाराकडे जाई. येणाऱ्या प्रत्येकाचं कपाळ आणि डोळे तेवढे दिसत, आणि नुसत्या कपाळावरून माणूस ओळखायची विद्या त्यांना येत नव्हती.

आतलं काम उरकून ते बाहेर आले तेव्हा दारालगतची खुर्ची रिकामी होती.

“गेले का ते आजोबा? काही न खाताच?” त्यांनी गल्ल्यावर बसलेल्या मालकांच्या सुनेला विचारलं. सासरे घराबाहेर पडत नसल्यामुळे हॉटेल उघडल्यापासून तीच कारभार बघत होती.

“आत्ताच गेले. मोबाइल जमला नाही वाटतं. मास्तर, इथे पूर्वी न लिहिता ऑर्डर घेणारे कोणी होते का?”

मास्तर जागच्या जागी थांबले.

“त्यांच्यासाठी निरोप ठेवलाय. म्हणाले, कधी भेटले तर सांगा, चार नंबरवाला वाचला. दोन महिने दवाखान्यात होता, पण वाचला. ते काळजीत असतील म्हणाले. आजच्याच गाडीने मुलीकडे चाललेत, कायमचे. जाण्याआधी भेट व्हावी म्हणून मुद्दाम आले होते.” मग तिनेच विचारलं, “तुम्ही ओळखता का हो त्यांना?”

मास्तर बाहेर धावले. प्लास्टिकचा पडदा त्यांनी ओढून काढला, मास्क हनुवटीखाली केला. आता तरी काकांना आपण दिसू, एवढंच डोक्यात होतं. फुटपाथवर दुपारची गर्दी होती आणि सगळ्यांची तोंडं झाकलेली. अठरा वर्षं ज्याला वाढलं, त्याला आपल्याच हाताने दाराबाहेर घालवलं होतं.

“काका,” त्यांनी जोरात हाक मारली. दुसरं काय म्हणणार होते?

तीन म्हातारे थांबले आणि वळले. मास्तर एकेकाच्या जवळ जाऊन डोळ्यांत बघून आले; एकानेही त्यांना ओळखलं नाही. तिसऱ्याने तर घाबरून हातच आडवा धरला, “लांबून बोला, लांबून.”

“माफ करा,” मास्तर म्हणाले आणि दोन पावलं मागे सरकले.