यासीनचाचांच्या गॅरेजची आतली मापं

चैत्रात कडुलिंबाचा फुलोरा गळू लागला, की इतरांना काय आठवत असेल ते असो, मला रॉकेलचा वास आठवतो. मांजरसुंब्याच्या चौकापासून जरा पुढे, रस्त्याला खेटून, एका लिंबाखाली यासीनचाचांचं गॅरेज होतं. रॉकेलच्या घमेल्यात धुवायला टाकलेल्या बेअरिंगांवर ती पांढुरकी, बारीक फुलं तरंगत असायची. चाचा एकेक बेअरिंग उचलत, फुंकरीनं फूल उडवून देत, मग ते कानाशी धरून बोटानं फिरवत. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, आणि चेहऱ्यावर असं अवधान, की रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांचा गोंगाटही त्या कानापर्यंत पोचायच्या आधी थबकत असावा. ‘गेलंय हे,’ म्हणत ते बेअरिंग बाजूला ठेवत. त्यांचा निकाल चुकल्याचं मी कधी पाहिलं नाही.

डोळे मिटण्यात नाटक नव्हतं. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात आणली होती. ‘पाइपातून बघितल्यावानी दिसतं बघ,’ एवढंच ते सांगत, आणि लगेच दुसरा विषय काढत. पण त्या गॅरेजात त्यांना नजरेची गरजच नव्हती. दारापासून सात पावलांवर मागच्या भिंतीशी लाकडी बाकडं, बाकड्यावर वस्तू घट्ट पकडून धरायचा लोखंडी शिकंजा, वर भिंतीतल्या खुंट्यांवर क्रमानं टांगलेले पाने. चाचा सात पावलं टाकत आणि हात उचलत. हवा तो पाना जणू स्वतःहून त्यांच्या मुठीत येई. मी आर्किटेक्चरची पदवी घेतली, पुढे पुष्कळ देखण्या इमारती पाहिल्या, पण माणूस आणि खोली यांचा इतका सलोखा मला पुन्हा कुठे दिसला नाही.

मी तिथे पोचले ती त्यांच्या मुलीमुळे. रेहाना आणि मी एका वर्गात, एकाच ड्रॉइंग टेबलावर. ती मांजरसुंब्याची, मी लिंबागणेशची. शहरातल्या त्या कॉलेजात एवढं शेजारपण पुरेसं होतं. दुसऱ्या वर्षी एखादी जुनी वास्तू इंच इंच मोजून तिचे नकाशे काढायचं काम असतं. वर्गानं देवळं निवडली, वेशी निवडल्या, कुणी बारव निवडली. रेहानानं उठून सांगितलं, ‘आम्ही गॅरेज मोजणार.’ वर्ग हसला. खरं सांगायचं तर मीही मनातून खट्टू झाले होते. मला कोरीव खांब काढायचे होते. ती मात्र तशीच उभी होती, हनुवटी वर, बापासारखीच मान कललेली. कारण तिनं मला नंतर एसटीत सांगितलं. रस्ता रुंद होणार होता आणि गॅरेज जाणार होतं. मागे त्यांचीच थोडी जागा होती. तिथे हुबेहूब तसंच बांधलं, तरच अब्बा काम करू शकणार होते. ‘नवी जागा शिकायला आता नजर न्हाई त्यांना,’ ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

म्हणजे आमचा नकाशा नुसता मार्कांपुरता नव्हता. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे इथे लिहून ठेवते.

चार दिवस आम्ही मोजत होतो. दगडाच्या भिंती, मोडीत निघालेल्या बसच्या काचांच्या खिडक्या, त्यांतून फरशीवर उतरणारा निळसर, थोडा धुळकट उजेड. चाचांनी वीस वर्षांत हाताला येईल ते जोडत उभं केलेलं ते सगळं आम्ही आकड्यांत उतरवत होतो. रेहाना टेप धरायची, मी लिहायची. टेप चाचांचाच; त्याचं टोक कधीचंच तुटलेलं. म्हणून मोजायला सुरुवात दहा सेंटिमीटरच्या खुणेपासून करायची आणि लिहिताना दहा वजा करायचे, ही तिथली रीत. चाचा आमच्या पायांतून वाट काढत म्हणत, ‘कावून गं लिंबागणेशवाली, भिंत मोजायलीस का माझं डोस्कं? लई वेळ लावायलीस.’ मी हसले की तेही हसत. मग तिघांचा चहा व्हायचा. ते चार दिवस इतके सुखाचे होते, की त्यांचा मला आजही राग येतो.

कॉलेजात परतून कागद मांडला, तर नकाशा बंद होईना, मापांचा मेळच बसेना. बाहेरून लांबी एक, आणि आतली लांबी अधिक भिंतींची जाडी मिळून दुसरी. फरक बरोब्बर दहा सेंटिमीटरचा. एका मापातून मी दहा वजा करायला विसरले होते. कोणत्या, ते समजेना. दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशे द्यायचे होते. रेहाना चाचांना घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात गेली होती. फोन करून ‘घरी पोचलीस की एकदा मोजून घे गं’ म्हणायला किती वेळ लागला असता? मी तो केला नाही. मला माझी फजिती लपवायची होती, बस्स. ऐन दुपारी, पंख्याखाली, मी ब्लेडनं मागच्या भिंतीची शाईची रेघ खरवडली आणि ती भिंत दहा सेंटिमीटरनं बारीक केली. नकाशा नेटका बंद झाला. सरांनी सगळ्या वर्गाला तो दाखवला, आणि रेहानानं आनंदानं माझा दंड इतका दाबला, की तो संध्याकाळपर्यंत दुखत होता.

तीन वर्षांनी रस्ता आला. लिंब गेला, गॅरेज गेलं, आणि मागच्या जागेत त्याच दगडांतून, त्याच काचा लावून, आमच्या नकाशावरून नवं उभं राहिलं. मार्गशीर्षातली कोवळी सकाळ होती. चाचा नवा सदरा घालून आले. दारात थांबले, उंबऱ्यावर हात फिरवला, मग सात पावलं टाकली आणि हात उचलला.

हात हवेत राहिला.

‘खुंट्या बसवल्या न्हाईत व्हय अजून?’ त्यांनी विचारलं. पाने समोर होते, त्यांच्या बोटांपासून चार इंचांवर.

रेहाना गवंड्यावर कडाडली. त्यानं नकाशा पुढे केला. त्याचं काम कागदाप्रमाणे चोख होतं. तिनं टेप लावला, आकडा पाहिला, आकड्याचं अक्षर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. वजाबाकी, ब्लेड, तो न केलेला फोन. चूक आतल्या लांबीतच होती; भिंत बारीक झाली तेवढी खोली लांबली होती. तिनं टेप गुंडाळून बाकड्यावर ठेवला. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

बोलले चाचाच. ‘बास करा दोघी. मोठीच केली ना खोली? ल्हान केली असती तर कपाळ फुटलं असतं माझं.’ आणि स्वतःच्याच बोलण्यावर ते खळखळून हसले. रेहाना मागच्या भिंतीला चार इंचांचं लाकडी अस्तर लावते म्हणाली, तर ऐकेनात. ‘भिंतीला काय गादी लावतीस? आता हाय तसं हाय. शिकतो मी.’

आणि शिकलेही. संक्रांतीपर्यंत सातवं पाऊल त्यांनी लांब टाकायला घेतलं होतं. तरी कामात पार बुडाले, की जुनी सवय हाताला ओढायची. हात थोडा अलीकडेच थांबायचा, क्षणभर चाचपडायचा आणि मग पुढे सरकायचा. मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा तो क्षण पाहिला. त्यांनी एकदाही त्याचा दोष माझ्या पदरात घातला नाही. उलट मी आले की मुद्दाम म्हणत, ‘आली का, माझी खोली मोठी करणारी!’ रेहाना माझ्याशी बोलायला लागली ती त्यांच्यामुळेच. आधी कामापुरतं, मग पहिल्यासारखं. म्हणजे जवळजवळ पहिल्यासारखं.

मागच्या पौषात चाचा गेले. थंडी मोठी होती, आणि दुखणं लहान.

परवा रेहानाचा फोन आला. ती आता बीडला घरांची, दुकानांची कामं करते, कॉलेजातही शिकवते. जुन्या गॅरेजचा नकाशा ती पुन्हा काढते आहे, योग्य आकडा घालून. पट्ट्या, शाई, ट्रेसिंग कागद, सगळं पूर्वीसारखं हातानं. मी म्हणाले, भिंतीचं माप मला पाठ आहे, सांगू का? ती म्हणाली, भिंतीचं नको. इमारत उभी कापून दाखवतात त्या नकाशात अंदाज यावा म्हणून एक माणूस उभा काढतात; कॉलेजात असताना आम्ही तिथे पुस्तकातला तयार माणूस चिकटवला होता, कुणाचाच नसलेला चेहरा आणि ठरलेली उंची. आता तिला तिथे अब्बांना उभं करायचं होतं.

‘अब्बांची उंची किती होती गं?’ तिनं विचारलं.

त्यांचे कपडे तिनं केव्हाच वाटून टाकले होते. मी खूप आठवून पाहिलं. आकडा काही येईना. खुंट्या जमिनीपासून किती उंच, बाकडं किती रुंद, कुठला दगड किती बाहेर आलेला, हे दोघींनाही तोंडपाठ होतं. जाणाऱ्या गोष्टी आम्ही घाईघाईनं मोजून घेतल्या. चाचा तर रोज समोर होते, चहाचा पेला हातात घेऊन मधेमधे करत होते, म्हणून टेप हातात असूनही त्यांना मोजायचं आम्हा दोघींना सुचलंच नाही.