कोरड्या ओठांचं कडवं

शालिकराम माळ्याला गाणं सुचायचं ते मोटेवर. नांदगाव खंडेश्वरच्या शिवारात त्याचा मळा होता. मळ्यात वांगी, मिरची, आणि बांधाला झेंडू. बैल मागे सरत, मोट विहिरीत बुडे, बैल पुढे निघत, मोट वर येई. त्या येरझारीत त्याची निम्मी भजनं जन्माला आली. पद बांधायचं, खंजिरीवर म्हणायचं आणि शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफायचं, 'शालिक म्हणे'. याला भजनी मंडळात छाप म्हणत. छाप पडली की पद तुमचं. नाही पडली तर ते बिनमालकाचं. कोणीही उचलावं, शेवटी आपल्या गुरूचं नाव जोडावं आणि खुशाल म्हणावं, त्याला कोणी नावं ठेवत नसे. चोरी म्हणजे दुसऱ्याची छाप खरवडून त्यावर आपली मारणं. हे पाप ज्या मंडळानं केलं, त्याला अख्ख्या वऱ्हाडात पुन्हा कोणी सप्त्याला बोलावत नसे.

एका गाण्याला मात्र शालिकरामनं छाप घातली नव्हती. घालायचं कारणच नव्हतं. ते गाणं शकुनचं होतं.

बायको गेली तेव्हा शकुन एवढीशी होती. घरात दुसरं बाईमाणूस नाही, म्हणून तो पोरीला मळ्यात घेऊन जायचा. पोरगी पाटाच्या कडेला हाताएवढा वाफा करी, त्यात मेथीचे दाणे टाकी, आणि मोट रिकामी झाली की पाण्याचा लोंढा येऊन तिचा वाफा फोडून टाकी. मग रडारड. त्या रडण्याचंच बापानं गाणं केलं.

'हळू हळू हाक बापा, हळू हाक मोट,
वाफा माहा लहानसा, त्याले पुरे एक घोट.'

पुढं आणखी कडवी झाली. पोरगी मोठी झाली तशी तीही म्हणू लागली. बाप मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी, लेक वाफ्यात, आणि गाणं मधल्या पाटातून वाहतंय, अशी त्या दोघांची रीत. मंडळात ते गाणं त्यानं कधी नेलं नाही. घरचं गाणं घरात राहू द्यावं, असं त्याला वाटे. चूक झाली असेल तर ती इथंच झाली.

शकुनचं लग्न अकोल्याला झालं. घर चांगलं होतं, तेही माळ्याचंच, मोर्णा नदीच्या काठी भाजीचा मळा. सासू गंगूबाई कडक. नवरा भगवंत गरीब गाय. घरातला कर्ता म्हणजे थोरला भाऊ सूर्यभान, शकुनचा भासरा. हा सूर्यभान अकोल्याच्या एका नावाजलेल्या भजनी मंडळात खंजिरी वाजवायचा. नाव मोठं होतं ते मंडळाच्या म्हाताऱ्या गुरूचं, गोवर्धनबुवांचं.

आणि रीत तर तुम्हाला ठाऊकच आहे. लेकीला लेकरू होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. शालिकराम पहिल्यांदा अकोल्याला गेला, तेव्हा शकुननं पाण्याचा लोटा समोर ठेवला. त्यानं नुसता हात लावला आणि लोटा बाजूला सारला. दुसऱ्या वर्षीही तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. लेकरू काही होईना. व्याह्याचं येणं म्हणजे गंगूबाईला सुनेच्या रिकाम्या ओटीची आठवण करून देणारं निमित्त. तो उठून गेला की मागं शकुनला चार शब्द ऐकावे लागत. हे त्याला शेजारच्या बाईकडून कळलं आणि त्यानं जाणंच सोडून दिलं. आपण गेलो नाही तर लेकीला त्रास होणार नाही, हा त्याचा हिशेब. बापमाणसाचे हिशेब असेच असतात, साफ सरळ आणि साफ चुकलेले.

पण जीव राहवेना. रामनवमीला अकोल्यात मंडळांचा मेळा होता, दुपारभर भजनं, ऐकायला सगळं गाव, बायासुद्धा. नांदगावच्या मंडळाला बोलावणं आलं तेव्हा शालिकरामच्या मनात आलं, शकुन बायांत बसलेली असेल. बोलता तर येणार नाही, पण गाणं तिच्या कानावर जाईल. तिचंच गाणं म्हणू. मेळ्यात म्हणायचं तर छाप पाहिजे, म्हणून इतक्या वर्षांनी त्यानं शेवटी 'शालिक म्हणे' जोडलं आणि आपल्या जोडीदाराला, नत्थुजीला, ते शिकवलं. नत्थुजी म्हणजे आगीचं माणूस. तीस वर्षं शालिकरामच्या मागं सूर धरत आलेला. गाणं ऐकून त्याचे डोळे भरले. म्हणाला, येड्या, इतकं सोनं घरात पुरून ठेवलं होतं काहून?

बडनेऱ्यापर्यंत बैलगाडी, तिथून आगगाडी. अकोल्याला उतरले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. देवळापुढं मांडव, एका बाजूला बाया पदर ओढून बसलेल्या. पंच म्हणून वामनराव होते, सरकारी शाळेतले पेन्शनर मास्तर. भजनातलं कळणारा माणूस, बोलणं तोलून, न्यायाला पक्का.

नांदगावची पाळी आली. शालिकरामनं खंजिरीवर थाप मारली आणि पहिली ओळ म्हटली. नत्थुजीनं ती उचलली. दुसऱ्या ओळीला मांडवात कुजबुज सुरू झाली. तिसऱ्या कडव्याला अकोल्याच्या मंडळातली माणसं उभी राहिली. 'शालिक म्हणे' आलं आणि मग एकच कालवा झाला.

झालं होतं ते असं. दोन वर्षांपूर्वी गोवर्धनबुवा वारले. त्यानंतर सूर्यभाननं मंडळात एक पद आणलं, म्हणाला, बुवांनी शेवटच्या दुखण्यात मला सांगितलं, दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. पद इतकं सुंदर की सगळं मंडळ रडलं. गुरूचं शेवटचं पद ज्याला मिळालं तोच गादीचा वारस, असं म्हणून सूर्यभानला मंडळाचा म्होरक्या केलं. त्या दिवसापासून अकोल्यात कुठलंही भजन त्या पदाशिवाय संपत नव्हतं. आणि आज नांदगावचा कोणी माळी उठतो, मेलेल्या गुरूची छाप पुसतो आणि भर मांडवात आपलं नाव लावतो! माणसं चवताळली तर नवल नाही.

वामनरावांनी हात वर करून सगळ्यांना बसवलं. म्हणाले, आधी दोन्हीकडचं ऐकू. अकोलेकरांनी पद म्हणावं.

सूर्यभाननं ते म्हटलं. गळा गोड होता त्याचा, खोटं कशाला बोला. पण मान वर करत नव्हता. शालिकराम ऐकत होता आणि त्याला काही उमगत नव्हतं. शब्द न् शब्द तोच. चालही तीच, अगदी 'बापा'वरचा हेलकावासुद्धा, जो शकुन लहानपणी रडता रडता घेई तो. हे इथं आलं कुठून? मग छापेच्या आधीचं कडवं आलं, आणि ते त्यानं कधी बांधलेलं नव्हतं.

'भरला रांजण दारापाशी, पाणी काठोकाठ,
बाप आला, बाप गेला, कोरडे त्याचे ओठ.'

शालिकरामच्या हातातली खंजिरी मांडीवर टेकली. कोणाला काय कळलं असेल ते असो, त्याला सगळं कळलं. अकोल्याच्या मळ्यात भाजी खुडताना शकुन हे म्हणत असणार, एकटी आहोत असं समजून. कुंपणापलीकडं सूर्यभाननं ते ऐकलं असणार. बायकांचं गाणं, छाप नाही, मालक नाही. उचललं. गुरूची छाप जोडली. तिथवर त्याचंही चुकलं नव्हतं. पुढं गुरूनं मरताना आपल्याला सांगितलं अशी थाप मारली, तिथं तो फसला. पण हे सारं शालिकरामच्या मनात नंतर आलं. आधी आला तो लोटा. त्यानं हात लावून बाजूला सारलेला. लेक तो लोटा उचलून आत नेत होती तेव्हा तिच्या मनात काय चाललं होतं, हे त्याला आज, परक्या माणसाच्या तोंडून, भर मांडवात ऐकू आलं.

वामनराव म्हणाले, "या कडव्यातच सगळं आलं. देव भक्ताच्या दाराशी येतो आणि तहानलेला परत जातो. हे लिहायला गोवर्धनबुवांसारखं माणूस लागते. शालिकरामजी, तुमच्या पदात हे कडवं नाही. चोरानं घाईत गाठोडं उचललं की एखादं लुगडं मागं राहूनच जाते."

लोक हसले. नत्थुजी तिरीमिरीनं उठला, त्याला दोघांनी धरून बसवलं.

वामनराव तरीही न्यायाचा माणूस. त्यांनी शेवटचं विचारलं, "हे पद बुवांच्या आधी तुमच्या तोंडून ऐकलेलं कोणी आहे? एक तरी साक्षीदार सांगा. मी त्याले इथं उभं करून विचारतो."

साक्षीदार होता. शालिकरामनं बायांकडं पाहिलं. मागच्या रांगेत हिरव्या लुगड्यातली एक बाई शेजारणीच्या खांद्यावर हात टेकवून उठू लागली होती. पदर नाकापर्यंत ओढलेला, चेहरा दिसत नव्हता, पण गुडघ्यावर हात ठेवून उठायची ती तऱ्हा त्यानं वाफ्याच्या कडेला हजारदा पाहिली होती. तिच्याजवळ गंगूबाई बसली होती. समोर सूर्यभान, पांढराफटक, ओठ मिटून.

उठली असती तर? खरं बोलली असती. सूर्यभान खोटा ठरला असता, गादी गेली असती, शालिकरामचं नाव वऱ्हाडभर झालं असतं. आणि संध्याकाळी शालिकराम आगगाडीत बसून नांदगावला गेला असता, अन् शकुन त्याच घरात गेली असती. भासऱ्याची इज्जत चार गावांत काढणारी, अंगणात पोर न खेळवणारी सून. तिला त्या घरात दिवस काढायचे होते, शालिकरामला नाही.

तो घाईनं उभा राहिला, तिच्या आधी.

"नाही," तो म्हणाला. "कोणीच ऐकलं नाही. पद माहं नाही."

हिरव्या लुगड्यातली बाई अर्धी उठलेली तशीच खाली बसली. शालिकराम पुढं गेला आणि त्यानं आपली खंजिरी अकोल्याच्या मंडळापुढं पालथी ठेवली. छाप चोरल्याचं कबूल करणारा असंच करतो. मग त्यानं पुन्हा मंडळात वाजवायचं नसतं. बापाच्या हातची खंजिरी होती ती, घोरपडीच्या कातड्याची. पालथी ठेवताना तिच्या चकत्या एकदा वाजल्या. शालिकरामनं मान खाली घातली नाही.

नत्थुजी बाहेर त्याला गाठून म्हणाला, तीस वर्षं तुह्यामागं धरलं, आज तू माह्या तोंडाले काळं फासलं. खरं काय ते सांग. शालिकरामनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नत्थुजीनं परत जाऊन मांडव पेटवला असता. नत्थुजी एकटाच स्टेशनाकडं निघून गेला, आणि मरेपर्यंत त्यानं शालिकरामशी धड बोलणं ठेवलं नाही. हेही शालिकरामनं सोसलं.

मेळा पांगल्यावर, उन्हं उतरायच्या आत, तो सूर्यभानच्या घरी गेला. ओट्यावर बसला. दारापाशी रांजण होता, काठोकाठ भरलेला. सूर्यभान आतून आला आणि खांबाला टेकून उभा राहिला. गंगूबाई मात्र गप्प बसणारी नव्हती. चोरीचा डाग घेऊन व्याही दारात आले, आता आमी लोकाले तोंड कसं दाखवावं, असं तिचं सुरू झालं. शालिकराम ऐकत राहिला.

सूर्यभान आत गेला, शालिकरामची पालथी ठेवलेली खंजिरी घेऊन आला आणि त्यानं ती त्याच्यापुढं धरली.

"राहू दे तुमच्याजवळच," शालिकराम म्हणाला. "पद म्हणत जा. नाव कोणाचंही असू द्या. फक्त ते शेवटचं कडवं गाळू नका. अन् येत्या आखजीच्या सणाले शकुनले माहेरी नेतो मी."

गंगूबाईनं तोंड उघडलं, त्याआधी सूर्यभान म्हणाला, "न्या, मामा. राहील तितके दिवस राहू द्या."

गंगूबाई थोरल्या लेकाकडं बघतच राहिली. त्याला काय झालं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

तेवढ्यात शकुन बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात लोटा. रीतीप्रमाणं तिनं तो बापापुढं ठेवला, आणि रीतीप्रमाणंच परत न्यायला तिथंच थांबली. शालिकरामनं लोट्याला हात लावला. मग तो उचलला, तोंडाला लावला आणि प्याला. घटाघट, लोटा उपडा होईस्तोवर. पाणी दाढीवरून सदऱ्यावर सांडलं.

"अवो, काय करता!" गंगूबाई ओरडली. "अजून लेकरू कुठं झालं?"

शालिकरामनं तिच्याकडं पाहिलं नाही. लेकीकडं पाहिलं. पदराआड तिचा खांदा हलत होता.

"आणखी आण, शकुन," तो म्हणाला.

ती रांजणाकडं वळली. झाकण काढलं, लोटा बुडवला. या वेळी त्यानं ओंजळ पुढं केली आणि तिनं वरून पाणी धरलं, अगदी बारीक धार, हळू हळू.