करमाडच्या कटावरची पोरगी

करमाडजवळ ट्रक उलटला की लोक आधी माझ्या भाचीचं नाव घेतात, मग अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करतात.

संस्कृती माझ्या भावाची, पुंजारामची, एकुलती एक मुलगी. शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला होती. मागच्या उन्हाळ्यात, शिफ्ट संपवून स्कूटीवर घरी येताना गेली. गावात शिरायला लांबचा वळसा नको म्हणून गावकऱ्यांनीच जालना रोडचा दुभाजक घण घालून फोडलाय. त्याला सगळे कट म्हणतात. त्या कटावर ती एका कंटेनरला खेटून उभी होती आणि कंटेनर वळला. केबिन एवढी उंच, की खाली चिकटून उभी असलेली स्कूटी आरशातही येत नाही. "दिसलीच नाही," एवढंच तो ड्रायव्हर सांगत राहिला.

जिवंतपणी एका ड्रायव्हरला दिसली नाही आणि मेल्यावर एकेकाला दिसायला लागली. भर दुपारी, कंपनीच्या राखाडी शर्टात, कटावर उभी. पहिला ट्रक उलटला त्याचं टायर फुटलं होतं, गाडीत मावणार नाही इतका माल कोंबला होता. दुसऱ्यानं कटातून अचानक आलेली मोटारसायकल वाचवायला करकचून ब्रेक दाबला. पण एकदा "पोरगी आडवी आली" म्हटलं की टायर कुणी बघत नाही, वजन कुणी करत नाही आणि कट कुणी बुजवत नाही. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. माझं डोकं फिरायचं नाही तर काय होणार?

तिसरा ट्रक सिमेंटचा. तो उलटल्यावर गावानं ठरवलं, बंदोबस्त करायचा. अमावास्येला भगत येणार, कटाजवळच्या बाभळीला संस्कृतीची ओढणी गुंडाळणार आणि वरून खिळे ठोकून तिला तिथंच बांधून टाकणार. पुढाकार गोकुळचा. आमच्याच भावकीतला. कटासमोर त्याचं हॉटेल आहे, आणि कट बुजला तर पलीकडचं गिऱ्हाईक तुटेल एवढं त्याला बरोबर कळतं. ओढणी मात्र आईच्या हातून हवी होती. भागूवहिनी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिनं मला शहरात, सिडकोत फोन केला.

"ताई, पोरीला खिळं ठोकणारेत. मला त्या सिमेंटवाल्या डायवरला भेटायचंय. तुम्ही चला संगं."

मी तिला न्यायला गेले तर ती घरी नव्हती. बाभळीखाली बसली होती. पुंजाराम म्हणाला, रोज दुपारी तिथंच असते. ऊन मी म्हणत होतं. डांबरावर पाणी सांडल्यासारखं काहीतरी हलत होतं आणि वहिनी त्या हलत्या जागेकडे टक लावून बघत होती. मोठी गाडी गेली की झाडासकट आम्ही दोघी हादरत होतो. भूतबीत मी मानत नाही. तरी मी मान वळवून बघितलं. रस्त्यावर कुणीच नव्हतं. बरं वाटायला हवं होतं; वाईट वाटलं.

दवाखान्यात तो ड्रायव्हर, फकिरा, पायाला प्लास्टर घालून पडला होता. संस्कृतीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. वहिनीनं ओळख दिली नाही. नुसतं विचारलं, "काय दिसलं रे बाबा तुला?"

त्यानं पाठांतर म्हणून दाखवावं तसं सांगितलं. पोरगी आडवी आली, केस मोकळे होते, पाय उलटे होते, तिनं नावानं हाक मारली.

"केस मोकळं?" वहिनी म्हणाली. "कंपनीत मोकळं सोडू देत नाय. जाळी लावायची ती."

"तुम्ही कोण, मावशी?"

"तिची आई."

फकिरानं तोंड भिंतीकडे केलं. तसाच बोलला. "कुणी नव्हतं, मावशी. दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. धाब्यावर जेवलो आन् स्टेअरिंगवरच झोप लागली. मालक म्हणला, त्या रस्त्याला पोरगी दिसती असं सांग, समदे तेच सांगतात. तिला आई असंल, हे ध्यानातच आलं नाय माझ्या."

मला हायसं वाटलं. पण वहिनी खाटेवर आणखी वाकली.

"नीट आठव. कडंला कुठं उभी असंल."

"नाय मावशी. खरंच कुणी नव्हतं."

परतीच्या बसमध्ये मी खुशीत होते, आता त्या खुशीची लाज वाटते. म्हणाले, "वहिनी, आता सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. पोरीवरचा आळ गेला."

ती खिडकीबाहेर बघत होती. "लोकांला दिसती म्हणून मी रोज जाऊन बसले, ताई. मला एकदाबी दिसली नाय. वाटायचं, माझ्यावर रागावली असंल. त्या दिवशी सकाळी मी लई बोलले होते तिला, उठायला उशीर झाला म्हणून." मग हळूच म्हणाली, "रागावलेली चालली असती. निदान असती तरी."

मी तिचा हात धरला. मी ज्याला भुताटकी म्हणून हसत होते, त्यावरच ही बाई वर्षभर जगली होती. आता ती गावापुढं खरं बोलेल का, हेच मला कळेना. बोलली तर पोरगी कायमची जाणार होती. गप्प राहिली तर खिळे ठोकून का होईना, जवळ राहणार होती.

अमावास्येला दुपारी सगळा गाव कटावर जमला. भगतानं खिळे मांडले. वहिनी ओढणी घेऊन आली.

गोकुळनं हात पुढं केला. "आणा काकू."

वहिनीनं ओढणी दिली नाही. "तो डायवर झोपला होता," ती म्हणाली. "त्यानं मला सोताच्या तोंडानं सांगितलं. हितं कुणी नाय."

"काकू, मंग इतक्या लोकांला दिसती कशी?"

वहिनी रस्त्याकडे बघत राहिली. एक ट्रक भोंगा वाजवत गेला, तो दूर जाईपर्यंत ती थांबली.

"झोपंत मला बी दिसती, गोकुळ. रोज दिसती. डोळं उघडलं की नसती." तिनं ओढणीची घडी घातली. "माझी पोर मेली. कट बुजवा."

भगत खिळे पिशवीत भरू लागला. वहिनी घराकडे निघाली, आणि पुंजाराम तिच्या मागोमाग गेला.