जानाराय की जानार न्हाय?

मित्रांनो, रबरबँड लावल्याशिवाय माझे झाकण आता बंद राहत नाही. लाल बटण दाबले तर ते परत वर येईलच, याचीही खात्री नाही. मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे बोलणे साठवले. आज थोडे स्वतःचे सांगतो.

माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पाठीवरच्या पट्टीवर लिहिले होते. ती पट्टी कधीच घासून गेली. मला आठवते ते नसरापूरच्या फाट्यावरचे रफीकभाईंचे दुरुस्तीचे दुकान. कोणी एक जण मला तिथे ठेवून गेला, तो न्यायला आलाच नाही. वर्षभर मी फळीवर धूळ खात पडून होतो. मग एके दिवशी रफीकभाईंनी कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून माझे हेड पुसले, नवा पट्टा चढवला आणि मला आपल्या मुलीच्या हातात दिले.

"निलू, जुना हाय, पन कान शाबूत हायत याचे."

ते साल सत्त्याण्णव असावे. निलोफर भोरहून पुण्याला जाऊन भाषाशास्त्र शिकत होती. माणसे सहज बोलताना शब्दांतले आवाज कसे गाळतात, कसे एकमेकांत मिसळतात, आणि तरीही ऐकणाऱ्याला ते कसे कळतात, हा तिचा विषय. मला पिशवीत घालून ती वेल्ह्याच्या एसटीत बसायची. कधी विंझरला उतरायची, कधी पुढे गुंजवण्याच्या बाजूला.

तिथल्या एका वस्तीत सगुणाबाई राहत. पहिल्या दिवशी माझे लाल बटण दाबले गेले आणि बाईंनी पदर सारखा करून घसा खाकरला. मग रेडिओवर बातम्या द्याव्यात तसे त्या बोलू लागल्या, "आम्ही येथे भाताची शेती करतो. आम्हाला दोन बैल आहेत."

"मावशी, तुम्ही रोज अशाच बोलता का?" निलोफरने हसत विचारले.

"रोज कोन असं बोलंल? पन यंत्रापुढं नीट नको का बोलायला?"

निलोफरने मला सुपाशेजारी ठेवले आणि स्वतः तांदूळ निवडायला बसली. पाच मिनिटांत सगुणाबाई मला विसरल्या. मग खरे बोलणे सुरू झाले. कोंबडी, जावई, शेजारीण, दुखरा गुडघा. अर्धी अक्षरे ओठांतच विरत होती आणि मी सगळे टिपत होतो.

त्या संध्याकाळी दुकानात निलोफरने वडिलांना एकच तुकडा ऐकवला.

"काय ऐकू आलं, अब्बा?"

"गिल्टी? का घालती?"

मग तिने आख्खे वाक्य लावले. "सकाळधरनं कोंबडी कुटं गेल्ती कोन जाने."

"गेली होती! हे तर साफ हाय की!" रफीकभाई चकित झाले.

मलाही तेव्हाच कळले, मित्रांनो. माझ्या फितीवर दोन्ही वेळा तोच आवाज होता. गळालेली अक्षरे माणसाचे मन भरून काढते, आणि त्यासाठी त्याला मागचेपुढचे बोलणे लागते.

पुढच्या वर्षी त्या खोऱ्यात धरणाचे काम निघाले. वस्तीतली निम्मी जमीन पाण्याखाली जाणार होती. लांबच्या गावी नवी जमीन घ्यायची, की इथेच वर राहिलेल्या तुकड्यावर घर हलवायचे, हे प्रत्येकाने सांगायचे होते. देवळापुढे बैठक भरली. आनंदराव नावाचे कारकून एकेकाचे म्हणणे वहीत लिहून घेत होते. निलोफर गर्दीतले बोलणे टिपायला आली होती, म्हणून मीही तिथे होतो.

महिन्याभराने यादी लागली. सगुणाबाईंचे नाव लांब जाणाऱ्यांत होते.

बाई निलोफरला घेऊन कचेरीत गेल्या. साहेब भले होते, पण कागदाला धरून चालणारे. "बैठकीत जे बोललात तेच धरायचं, असा नियम आहे, मावशी. नंतर मन बदललं म्हणून यादी बदलता येत नाही."

"मन न्हाई बदललं, साहेब. माजं वरचं बारा गुंठं बुडत न्हाईत. त्ये सोडून म्या कशाला जाऊ?"

निलोफरने मला टेबलावर ठेवले. तिने फीत बरोबर त्या वाक्यावर आणली होती. गलका, पोरांची रडारड, आणि त्यातून सगुणाबाईंचा घाईचा आवाज उमटला.

"बघा!" वही घेऊन बसलेले आनंदराव म्हणाले. "'जानाराय' म्हणतायत. जाणार आहे. मी तेच लिहिलं."

निलोफरने फीत थांबवली. एवढ्याच तुकड्यात आता तिलाही तसेच ऐकू आले होते. बाईंच्या मदतीला म्हणून मी आलो होतो आणि त्यांच्याच विरुद्ध साक्ष देऊन बसलो होतो.

तिने फीत थोडी मागे घेतली. आता आधीचे बोलणेही उमटले, "वरच्या बारा गुंठ्यात माजं भागतंय. म्या तिकडं जानार न्हाय."

"अरेच्चा, आता 'न्हाय' ऐकू येतंय," आनंदराव पुटपुटले.

साहेबांनी मान हलवली. "आधीचं ऐकलं म्हणून आपल्या कानांना तसं वाटलं असेल. नाही का?"

"बरोबर आहे तुमचं," निलोफर प्रामाणिकपणे म्हणाली. "म्हणून अजून एक ऐका."

तिने पिशवीतून तांदूळ निवडतानाची कॅसेट काढली. त्यात बाई म्हणत होत्या, "लेक येनार हाय." थोड्या वेळाने, "जावय येनार न्हाय." घाईत दोन्ही जवळजवळ सारखेच. पण दुसऱ्या वाक्यात आवाज क्षणभर नाकात घुटमळत होता. निलोफरने ते दोनदा ऐकवले आणि मग पुन्हा बैठकीचा तुकडा लावला. साहेबांनी डोळे मिटले. गलक्याच्या आत, अगदी बारीक, तोच नाकातला आवाज होता.

"आहे," ते हळूच म्हणाले. "पण बारीक आहे."

तोवर सगुणाबाईंचा धीर संपला. "साहेब, यंत्राला किती येळ इचारताय? म्या हितं बसलीया की! न्हाय म्हनताना म्या हात बी हालवला हुता. आनंदराव, तुमी खाली मान घालून लिवत हुता. तुमाला कसा दिसंल?"

हात मलाही दिसला नव्हता, मित्रांनो. मला डोळेच नाहीत.

आनंदरावांनी चष्मा काढला. "खरं आहे, साहेब. त्या दिवशी पन्नास जणांचं लिहिलं. एकदाही मान वर केली नाही." मग ते बाईंकडे वळले. "चूक माझी आहे, सगुणाबाई. परत विचारायला हवं होतं मी."

साहेबांनी नाव खोडले, शेजारी सही केली. परतीच्या एसटीत बाईंनी मला मांडीवर घेतले होते. माझ्या आयुष्यात एवढा मान मला पुन्हा मिळाला नाही.

पुढे मोबाईल आले. लोक खिशातल्या खिशात आवाज साठवू लागले आणि मी कपाटात गेलो. सहा-सात वर्षे मला फक्त झुरळांची पावले ऐकू आली. रागावलो नाही म्हटले तर खोटे होईल.

मागच्या महिन्यात मात्र कपाट उघडले. निलोफर आता शिकवते. तिचे विद्यार्थी माझ्या फिती संगणकावर उतरवून घेत आहेत. शौनक नावाचा भोरचा मुलगा पहिल्याच दिवशी हसला, "मॅडम, हे लोक किती अक्षरं खातात! आपण असं बोलत नाही." चहाच्या वेळी निलोफरने, सगळ्यांना सांगूनच, मला चालू ठेवले. नंतर शौनकने स्वतःचा आवाज ऐकला, "काल कुठं गेल्तास रे?" तो कानापर्यंत लाल झाला. मग फितीला सर्वांत जास्त वेळ देऊ लागला तोच.

मित्रांनो, तुमच्याही घरी जुन्या कॅसेटी असतील. त्यांच्यावर गाणी भरण्याआधी एकदा ऐकून पाहा. आजोबांचे खोकणे, आत्याचे हसणे त्यांत असेल. कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून फिरवा. आणि समोर जिवंत माणूस बोलत असेल, तर त्याच्याकडे बघत ऐका. नीट कळले नाही तर लाजू नका. "काय म्हणालात?" हे दोन शब्द मला कधीच उच्चारता आले नाहीत. तुम्हाला येतात.