किल्ली हरवलेली तक्रारपेटी

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. वारंगा फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्याने मला एका दुपारी जोडले. तांड्याच्या शाळेने माझ्यावर 'तक्रारपेटी' असे रंगवले. हेडमास्तर व्यंकटरावांनी कुलूप लावून किल्ली इतकी जपून ठेवली, की ती त्यांनाही पुन्हा सापडली नाही.

तरी मित्रांनो, माझे काम चोख चालले. दर महिन्याला वर अहवाल जाई, 'तक्रारी निरंक'. सहा वर्षांनी प्रशस्तिपत्र मिळाले. माझ्या पोटात पालीने संसार मांडला. तिचीही तक्रार नव्हती.

शेजारच्या भिंतीवर १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर रंगवला आहे. तो सगळ्या पोरांना पाठ. परीक्षेत एका गुणाला येतो.

यंदा दिवाळीनंतर सातवीतली शितल शाळेत आली नाही. तिची मैत्रीण निता हिने माझ्यात चिठ्ठी टाकली. मला वाचता येत नाही. ज्यांना येते, ते वेठबिगारीविरोधी सप्ताहाच्या घोषणा पाठ करून घेत होते.

समारोपाला बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर व्यंकटराव माईकवर म्हणाले, "वेठबिगारी ही जुन्या जमान्यातली गोष्ट. आपल्या पेटीत आजवर एक तक्रार न्हाई!"

निता उठली. "हाय की सर. मीच टाकली."

"खाली बस. तुझं गाणं नंतर हाय."

"गाणं न्हाई सर, शितलचं हाय."

"आता किल्ली कुठून आणू?"

"किल्ली काहून पाहिजे?" म्हणत सातवीच्या वर्गशिक्षिका सरिताबाईंनी घंटेचा लोखंडी दांडा उचलला. तीन घावांत कुलूप तुटले. शाळा सुटली समजून पहिलीची पोरे पळाली.

बाईंनी चिठ्ठी वाचली : 'शितलचा बाप आजारी पडला. उचल फिटली न्हाई म्हणून वीटभट्टीच्या मुकादमानं आई-बापाला सोडलं आन तिला ठेवून घेतलं. ती विटांच्या मातीचा गारा तुडवून राहिली. घरी येऊ देत न्हाईत. मी कुणाला सांगू?'

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, नाटिका आहे.

बाईंनी टाळ्या थांबण्याची वाट पाहिली नाही. तिथेच भिंतीवरचा नंबर लावला. पलीकडून आवाज आला, तशी निता म्हणाली, "ह्यो खरंच लागतो व्हय, बाई?"

इतकी वर्षे पाठ करून घेतला, पण हे कुणी सांगितले नव्हते.

फोनवरच्या माणसांनी भट्टीवर जाऊन तिला सोडवले आणि चौथ्या दिवशी शितल वर्गात आली. पायांना भेगा. हजेरीला मान खाली घालूनच "हजर" म्हणाली. त्याच दुपारी व्यंकटरावांनी माझ्यासाठी नवे कुलूप आणले, पहिल्यापेक्षा मोठे.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, हार घालू नका. वर्गातला एक बाक रिकामा दिसला, की चिठ्ठी टाका. आठ दिवसांत मला कुणी उघडले नाही, तर घंटेचा दांडा कुठे असतो, ते तुम्हांला आता माहीत आहे.