दाराबाहेर म्हटलेले वाक्य

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, आणि एकदा मलाही घराबाहेर काढले होते.

दारे करून उरलेल्या फळ्या जोडून सुताराने मला घडवले, काळा रंग दिला. बाईंनी मला पुढच्या खोलीत टांगले. तिथे त्या मुलांना इंग्रजी शिकवत. त्यांचे यजमान गवंडी. कामावरून आले की हातपाय धुऊन तेही मागच्या रांगेत बसत.

बाई प्रत्येक शब्द करून दाखवत. 'थ्रो आऊट' म्हणजे हाकलून देणे. हे शिकवताना त्या एकाला दंडाला धरून बाहेर काढत आणि कडी लावत. बाहेरच्याने तो शब्द घालून वाक्य म्हणायचे, मगच आत यायचे.

"ज्याला काढायचं त्याला मधे घाला," त्या सांगत. "थ्रो हिम आऊट."

यजमान बाहेरून ओरडत, "थ्रो आऊट मी!"

"चुकलं. राहा तिथंच!"

"अगं, मग चहा तरी बाहेर दे!"

मुले हसून लोळत. शेवटी बाईच हसत कडी काढत.

पुढे बाई आजारी पडल्या आणि गेल्या. माझ्यावर धूळ साचली. यजमान माझ्याकडे पाठ करून जेवत. एका सकाळी ते आपल्या मुलीला म्हणाले, "भंगारवाला आला की हा देऊन टाकू. डोळ्यांसमोर नको." त्यांनीच मला खिळ्यावरून उतरवून अंगणात भिंतीला टेकवले.

गल्लीत भंगारवाल्याची हाक आली. यजमान मला उचलायला वाकले, तोच मागे कडी वाजली. मुलीने आतून दार लावले होते.

"बाबा, दोघंही बाहेर आहात. आईचा नियम! वाक्य म्हणा."

"वेड लागलंय का तुला? उघड."

"आधी वाक्य."

भंगारवाला फाटकाशी थांबला. "काका, देताय ना?"

यजमानांनी माझ्यावर हात ठेवला. मग दाराकडे वळून म्हणाले, "डोन्ट थ्रो हिम आऊट."

"बरोबर!" मुलगी आतून म्हणाली. "या, दोघंही आत."

कडी निघाली आणि मी हुश्श केले.

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू बघवत नसेल, तर खुशाल तिच्याकडे पाठ करा. पण घाईने हाकलू नका. दुःख काही तिच्याबरोबर भंगारात जात नाही. त्यापेक्षा तिला ओल्या फडक्याने पुसा.

यजमान मला रोज पुसतात. आणि आता माझ्याकडे तोंड करून जेवतात.