कोठीतल्या चोवीस बाटल्या

"अजून सात दिवस लागतील," उदय म्हणाला. "भरून तीनच दिवस झालेत. आत्ता हलवल्या तर तळाचा गाळ वर येईल."

वासंती स्टुलावर उभी राहून कोठीच्या खोलीतल्या एक्झॉस्ट फॅनच्या भोकावर प्लास्टिक चिकटवत होती. तिने दाताने टेप तोडली.

"अहो, रियाधवर मिसाइलं पडतायत. आणि तुम्हाला गाळाची काळजी?"

"पण कोठीत बघायला कोण येतंय?"

"वरचे. कालच जिन्यात तुम्हीच आमंत्रण दिलंत ना?"

उदय खरंच विसरला होता.

युद्ध सुरू झाल्यापासून, मिसाइलातून विषारी गॅस आला तर बिनखिडकीच्या खोलीत बसा, फटी टेपने बंद करा, असं सगळीकडे सांगत होते. वरच्या मजल्यावरच्या मोहियुद्दीनच्या घरात प्रत्येक खोलीला खिडकी होती. वासंतीच्या कोठीला एकही नव्हती. हे कळल्यावर उदयने हात पसरून "अरे भाई, हमारे यहाँ आ जाओ, अपना ही घर है," म्हणून टाकलं होतं. आणि त्याच कोठीत, भिंतीला लागून, त्याने घरी केलेल्या बिअरच्या चोवीस बाटल्या उभ्या होत्या.

चार वर्षं हा उद्योग चालू होता. दुकानात मिळणाऱ्या बिनदारूच्या माल्टच्या पेयात साखर आणि पावाचं यीस्ट घालायचं, पिंपात आंबू द्यायचं, मग द्राक्षरसाच्या, तारेच्या चिमट्याने घट्ट बंद होणाऱ्या बाटल्यांत भरायचं. उदय बँकेत कॉम्प्युटर सांभाळायचा आणि घरी हे. वासंती सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर जंतूंच्या बशा तपासायची. या खेपेला तिने पिंपात डोकावून सांगितलं होतं, "बुडबुडे येतायत अजून. साखर संपलेली नाही. भरू नका."

"तू ना, सगळ्याचा रिपोर्ट देतेस," म्हणत त्याने भरल्या होत्या. उद्या पळावं लागलं तर पिंप उचलता येत नाही, बाटल्या येतात, हे त्याचं शास्त्र.

या देशात दारूला बंदी. सापडलं तर आधी तुरुंग, मग भारतात परत पाठवणी. त्याची आणि तिचीही. तिची अकरा वर्षांची नोकरी त्या बाटल्यांच्या शेजारीच उभी होती.

"आज सगळ्या मोरीत ओता."

"बरं, मी काय करतो," उदय म्हणाला, आणि त्याने बाटल्यांवर जाड ब्लँकेट घातलं, वर दोन उशा ठेवल्या. "बघ. बाकडं झालं."

"ब्लँकेटने ऊब मिळेल त्यांना. आणखी आंबतील."

"मिळू दे की. थंडी आहे."

तिला ड्यूटीला जायचं होतं.

संध्याकाळी, मगरिबची अजान होऊन थोडा वेळ गेला आणि हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. मोहियुद्दीन आणि त्याची बायको बदरुन्निसा गॅस-मास्क घेऊन खाली आले. मोहियुद्दीन वासंतीच्याच हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट होता, मूळचा हैदराबादचा. बदरुन्निसाच्या हृदयाची एक झडप आकसलेली होती. ती एकेक पायरी थांबत उतरायची. तिच्या हातात वासंतीचा स्टीलचा डबा होता, आत खुबानीचं, म्हणजे जर्दाळूचं, गोड. दोन्ही घरांत डबा रिकामा कधी परत गेला नव्हता.

"आपा, यहाँ बैठूँ?" ती उशांकडे निघाली.

"नको! म्हणजे, इधर बैठो, इधर गरम है," वासंतीने तिला समोरच्या गादीवर बसवलं. उदय टेप शोधत असल्यासारखा भिंतीकडे बघत राहिला.

तिने दार लावलं, चारी बाजूंनी टेप मारली, खाली ओला टॉवेल दाबला. सगळ्यांनी मास्क चढवले. बाहेर कुठेतरी दणका झाला आणि इमारत हलली. दुसरा दणका खोलीतच झाला.

ब्लँकेट उडालं. काच भिंतीवर आपटली. फसफसत काहीतरी बदरुन्निसाच्या मानेवर उडालं, मास्कच्या कडेतून आत गेलं. ती खोकायला लागली. तिने मास्क ओढून काढला. डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, छाती भात्यासारखी.

"गैस है!" मोहियुद्दीन ओरडला. "या अल्ला, अंदर आ गई!" त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेली सिरिंज काढली. "अॅट्रोपिन है. बदर, हाथ दे."

गॅस असेल तर ते औषध. नसेल तर त्याने नाडी दुप्पट धावली असती, आणि ती झडप! मोहियुद्दीनला हे वासंतीपेक्षा जास्त माहीत होतं. पण आत्ता तो फार्मासिस्ट नव्हता.

वासंतीने उदयकडे पाहिलं. मास्कच्या काचेमागे त्याचे डोळे मोठे झाले होते. त्याने मान हलवली. नको, अशी.

तिने मास्क काढला आणि मोहियुद्दीनचं मनगट धरलं.

"भाईसाब, गैस नहीं है. बिअर है."

"क्या?"

"बिअर. दारू. हमने घर में बनाई. बोतल फूटी. सूँघो, खमीर की बास है. सुई मत लगाओ, उसका दिल नहीं सहेगा."

मोहियुद्दीनने मास्क काढला. वास घेतला. कोठीभर पावाच्या भट्टीसारखा आंबट वास होता. त्याने सिरिंजला पुन्हा टोपण लावलं. त्याला दोन प्रयत्न लागले. मग त्याने आपल्या बाहीने बायकोची मान पुसली, कान पुसले, आणि ती बाही कोपरापर्यंत दुमडून टाकली.

भोंगा थांबेपर्यंत बाहेर जाता येत नव्हतं. चौघं वीस मिनिटं तशीच बसली. मध्येच दुसरी बाटली फुटली. तिसरी फुटली तेव्हा कुणी दचकलंही नाही.

ते गेल्यावर वासंतीने उरलेल्या एकवीस बाटल्या टॉवेलात धरून एकेक करून उघडल्या आणि मोरीत ओतल्या.

"एक तरी ठेवू या का?" उदय दारातून म्हणाला. "म्हणजे, चव कळली असती."

तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सकाळी दारात तिचा आदल्या आठवड्यातला दुसरा डबा होता. घासलेला, पुसलेला. तिने उघडून पाहिला. रिकामा.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मोहियुद्दीन भेटला. आजूबाजूला पाहून हळूच म्हणाला, "सुई मैं वापस रख दिया. बगैर पूछे लाया था. किसीको बोलना नक्को. हम भी नहीं बोलते."

"बदर कैसी है?"

"अच्छी है," तो म्हणाला आणि गेला. रोज तो "चलता हूँ, बहन" म्हणायचा.

त्या संध्याकाळी भोंगा पुन्हा वाजला. कोठी धुतलेली होती, चार उशा मांडलेल्या होत्या. वासंती टेपची गुंडाळी घेऊन उघड्या दारात उभी राहिली.

"लाव ना दार," मास्कमधून उदय म्हणाला.

जिन्यात पावलं वाजली. एक पायरी, थांबणं. एक पायरी, थांबणं. ती त्यांच्या मजल्यावर आली, जरा रेंगाळली, मग तशीच खाली गेली. खाली पहारेकऱ्याची खोली होती. तिला रस्त्याकडे मोठी खिडकी होती.

वासंतीने दार लोटलं. वरची फट बंद केली, बिजागरीची बाजू बंद केली. कडीच्या बाजूला टेप लावायला हात नेला आणि मागे घेतला. अशी अर्धी खोली बंद करून काहीही उपयोग नसतो, हे तिला नीट माहीत होतं.

"वासंती, ही बाजू राहिली."

"राहू द्या. कुणी आलं तर," ती म्हणाली, आणि कडीजवळ बसली.